शमूची विकेट

पाळकसाहेबांनी शालीची घडी मोडली, तसे कडूबा खुर्चीतून उठले आणि दोन्ही हात जोडून म्हणाले,

"थांबा साहेब. शाल मागनं. आधी मला साक्ष द्यायचीय."

चर्चमागच्या हॉलमध्ये सगळ्यांच्या माना वळल्या. छावणीच्या या मंडळीत उपासना संपली की कुणीही उठून साक्ष द्यावी, अशी रीत होती. कुणाचा ताप उतरलेला असे, कुणाची दारू सुटलेली असे; काहींची ती दरवर्षी सुटे. पण कडूबा त्रिभुवन आजवर एकदाही उठले नव्हते. पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षी चर्चचा क्रिकेट क्लब निघाला, तेव्हापासून पस्तीस वर्षं तेच क्लबचे अंपायर. माणूस मुलखाचा अबोल.

त्यात आज सत्कार त्यांचाच. सेक्रेटरी बन्सीनं नुकतंच भाषण ठोकून टाळ्या घेतल्या होत्या. बाकी सगळं नेहमीचंच, पण शेवटी आवाज चढवून तो म्हणाला होता, "ज्या माणसानं फायनलला पोटच्या पोराला आऊट दिलं, त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मी काय बोलावं!"

त्यावर सगळा हॉल उभा राहिला होता. पहिल्या रांगेत मनकर्णाबाईंनी पदर डोळ्यांना लावला होता. आपल्या नवऱ्याचा एवढा मान त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"शमू आऊट नव्हता," कडूबा म्हणाले.

मागं कुणीतरी हसलं.

"हसू नका. म्या डोळ्यानं बघितलं. बॉल आन् बॅटीच्या मधून माझा हात गेला असता, एवढी जागा होती. समोरच्या टीमची पोरं सकाळपासनं वरडत होती, बाप अंपायर, बेटा बॅटिंग पे, अब क्या देखना! लई लागलं मला ते. मग कीपरनं बॉल धरून कॅचचं अपील केलं आन् माझं बोट वर गेलं. माझं नाव राहावं म्हणून म्या पोराला घालवलं."

शमू त्या दिवशी एकोणऐंशीवर होता. जिल्ह्याचा संघ निवडणारे दोघं साहेब लिंबाखाली बसले होते. तो बाद झाल्यावर ते चहाला म्हणून उठले ते परत आलेच नाहीत. पुढच्या महिन्यात शमूनं पुण्यात कारखान्यातली नोकरी धरली. नाताळला यायचा, आईशी पोटभर बोलायचा, बापाशी कामापुरतं. त्या विकेटबद्दल अवाक्षर नाही. पोरानं मनात धरलंय, असं कडूबा समजून चालले. यंदा त्याला जवळ बसवून सांगू, असं दर नाताळला ठरायचं आणि राहून जायचं. सहाव्या वर्षी काविळीनं शमूच राहिला नाही. त्यालाही आता दहा वर्षं होऊन गेली होती.

बन्सी लगबगीनं पुढं आला आणि त्यानं कडूबांचा दंड धरला.

"काका, असं काय बोलता? त्या दिवशी दुसऱ्या टोकाला मीच होतो. आम्हालाही तसंच वाटलं होतं. मॅच संपल्यावर आम्ही सगळे इथंच बसलो. तुम्हाला अंपायर ठेवायचं नाही, असा अर्ज लिहून तयार होता. दहा जणांच्या सह्या झाल्या होत्या. शमूची तेवढी राहिली होती."

"मग?"

"मग शमूनं अर्ज फाडला. म्हणला, लागला होता रे, माझ्या हाताला कळलं. बाबाचं बरोबर आहे. मी म्हणलं, शपथ घे. तर त्यानं शपथ घेतली. तुम्हाला घरी सांगितलं नाही त्यानं?"

बॉल बॅटीला लागला की नाही, हे बॅट्समनइतकं कुणाला कळतं? लागला नव्हता, हे शमूला कळलं होतं. बापाला कळलं होतं, हेही त्याला कळलं असणार. म्हणून तर पोर घरी गप्प राहिलं. ज्याला कडूबा राग समजत होते तो राग नव्हताच, आणि हे आता कुणाला सांगायचं?

"बापाचं मन आहे, कडूबा," पाळकसाहेब हळूच म्हणाले. "लेकरू गेलं की आपलंच चुकलं असं वाटत राहतं."

सगळे कडूबांकडे बघत होते. साक्ष पुरी करायला एकच वाक्य उरलं होतं: शमू खोटं बोलला. शपथेवर खोटं बोलला. भरल्या मंडळीत, त्याच्या आईसमोर ते म्हणायचं होतं.

"त्यो म्हणला असंल तर लागलाच असंल," कडूबा म्हणाले. "माझंच वय झालं आता."

त्यांनी मान खाली घातली. पाळकसाहेबांनी त्यांच्या खांद्यांवर शाल पांघरली. टाळ्या मघापेक्षा जोरात वाजल्या.

मनकर्णाबाई मात्र टाळ्या वाजवत नव्हत्या. शाल सारखी करायच्या निमित्तानं त्या नवऱ्याजवळ आल्या. चेहरा उतरला होता. कानाशी वाकून त्यांनी विचारलं,

"आपला शमू खोटं नव्हता ना बोलला?"

कडूबांनी त्यांच्याकडे बघितलं. डोळे वाहत होते, ते त्यांनी पुसले नाहीत.

"नाय," ते म्हणाले. "कधीच नाय बोलला."