मापापुरती चिमणी

“चादर फाडायची, तर निदान फाटल्यासारखी फाडावी! ही तर कात्रीने कापलीय,” सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. “आणि गरिबाघरचं फाटलेलं असं उघडं पडतं का कधी? ठिगळ कुठाय?”

“हळू बोला, ऐकतील.”

“ऐकू दे. भाडं दिलं म्हणून गरिबी येते होय अंगात?”

आमच्या माडीवरच्या खोलीत दातांची डॉक्टरीण सकाळपासून गरिबी मांडत होती. कापलेली चादर, टवका उडवलेला कप, भिंतीला टेकवलेला तीन पायांचा स्टूल. आमच्या घरात मोडका स्टूल पाहुण्यांसमोर कुणी ठेवला असता, तर सासूबाईंनी तो त्याच्याच डोक्यात घातला असता.

गल्लीच्या तोंडाशी सरकारी शाळा आहे आणि ती चांगली आहे, हेच तिचं दुर्दैव. फुकट असून चांगली, म्हटल्यावर लोकांना झोप कशी लागणार? आसपासच्या गल्ल्यांतली मुलं आधी घ्यायची, असा तिथला नियम. त्यामुळे नाकाला रुमाल लावल्याशिवाय इकडे न फिरकणाऱ्यांना एकाएकी आमच्या हवेची गोडी लागली. निम्म्या गल्लीत असे भाडेकरू आहेत. ते राहत नाहीत, फक्त कुलूप लावतात.

डॉक्टरीणबाईंनी गेल्या वर्षी आमची खोली घेतली. भाड्यातून छपराचे पत्रे बदलले, माझ्या शिलाई मशीनला मोटर बसली. तेव्हा कुणाचं काही म्हणणं नव्हतं. मग शाळेत नावं लागली. शेवटचं नाव डॉक्टरीणबाईंच्या लेकीचं, आणि त्याच्याच पाठोपाठ, यादीबाहेर राहिलेलं पहिलं, आमच्या वन्संच्या चिमणीचं.

वन्सं म्हणजे माझी नणंद. नवरा गेल्यापासून लेकीला घेऊन माहेरीच आहे, माझ्या शेजारी बसून काजं-बटणं करते. नावं लागली त्या दिवशीही ती बटणं लावत राहिली. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, “पुलापलीकडेही शाळा आहेच की.” आहे. तिथे चार वर्गांना मिळून एक मास्तर, आणि तोही निम्मे दिवस कसल्या ना कसल्या सरकारी कामाला जुंपलेला.

आज शाळेतल्या बाई घर बघायला येणार होत्या. इथे कुणी राहत नाही असं दिसलं, तर ती जागा चिमणीची. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून सगळे चादरीवर बोलत होते.

डॉक्टरीणबाईंच्या लेकीचा गणवेशही माझ्याकडेच शिवायला होता. ती पोर मापाला कधी आलीच नाही. आज पोहणं, उद्या पियानो. “तुमची चिमणी आहे की,” बाई म्हणाल्या होत्या, “साधारण सारख्याच आहेत दोघी. तिच्याच अंगावर बघा ना.” तेव्हापासून चिमणी टाचलेला गणवेश घालून आरशासमोर उभी राहायची. “मामी, मी खरीच शाळेतली वाटते ना?” तोंडात टाचण्या असल्या की उत्तर द्यावं लागत नाही, एवढं एक बरं.

शाळेतल्या बाई आल्या. नवीन होत्या, जिना चढून धापा टाकत होत्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांना स्टुलावर बसवायला हात केला, मग तो तीन पायांचा आहे हे आठवून मागे घेतला.

“किती साधं, समाधानी वातावरण आहे ना इथे!” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आम्ही अगदी घरच्यासारखे राहतो. हो ना, आजी?”

सासूबाई छताकडे बघत होत्या. पत्रे नवे होते.

तेवढ्यात चिमणी वर आली. खाली मी बाही टाचत असतानाच बाई आल्या म्हणून ती तशीच राहिली होती. एक बाही लोंबत, कडेला पांढरा दोरा. पण वेणी घट्ट, मान ताठ.

शाळेतल्या बाईंचा चेहरा खुलला. “अगं बाई! गणवेशसुद्धा तयार? हीच का तुमची मुलगी?”

डॉक्टरीणबाईंनी एवढासाही वेळ घेतला नाही. चिमणीला जवळ ओढलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“हो, हीच. जरा लाजाळू आहे.”

चिमणी लाजली नव्हती. ती दाराशी उभ्या असलेल्या आपल्या आईकडे बघत होती, आता काय म्हणायचं ते विचारल्यासारखी.

“छान,” शाळेतल्या बाई म्हणाल्या. “आजी, मुलगी गोड आहे हं तुमच्या भाडेकरूंची. इथेच राहतात ना हे सगळे?”

सासूबाईंनी घसा खाकरला. मी लोंबणाऱ्या बाहीकडे बघत राहिले. “हं,” सासूबाई म्हणाल्या. ‘हो’ नाही, ‘नाही’ही नाही, नुसतं ‘हं’.

वन्सं दारातून आत आली. तिने चिमणीच्या डोक्यावरचा तो हात उचलला आणि बाजूला ठेवला, दुसऱ्याची वस्तू चुकून आपल्याकडे आली की ठेवतात तसा.

“ही माझी मुलगी आहे, बाई. ह्या इथे एक रात्रही राहिलेल्या नाहीत,” ती म्हणाली. मग सासूबाईंकडे वळली. आवाज चढला नाही तिचा.

“आई, तू माझ्या लेकीची शाळा भाड्याने दिलीस.”