आधी लागतं ते वर

लोकांची घरं हलवणं हा त्यांचा धंदा. कपाटं, फ्रिज, आरसे, एकदा तर पियानोसुद्धा ट्रकमध्ये चढवून दुसऱ्या शहरात उतरवायचा आणि एका कपाचाही कान तुटू द्यायचा नाही. आजूबाजूचे सगळे त्यांना सामानवाले म्हणूनच ओळखत. त्यामुळे त्यांच्या सोळा वर्षांच्या लेकीने, ठमीने, दोन मैत्रिणींबरोबर पाठीवर बॅग टाकून चार दिवस डोंगरात चालत जायचं ठरवलं, तेव्हा सामान कुणी भरायचं हा प्रश्नच नव्हता. जाऊ द्यायचं का, हा होता.

तिघींपैकी एकीनेही आजवर गच्चीच्या पलीकडे तंबू ठोकलेला नव्हता. ठमीच्या आईने लगेच होकार देऊन टाकला, कारण पहिल्याच चढावर पोरी परत फिरतील याची तिला खात्री होती. सामानवाल्यांना उलटीच धास्ती होती, की त्या फिरणार नाहीत. ठमी हट्टाला पेटली की कुणाच्या बापाचं ऐकत नसे, आणि बाप तर ते स्वतःच होते.

त्यांनी अट घातली. आधी रंगीत तालीम. बॅगा ते भरणार, त्या घेऊन पोरींनी शहराबाहेरच्या टेकडीवर पाण्याच्या टाकीपर्यंत चढायचं, तिथे आपल्या हातांनी भात शिजवून खायचा आणि उतरायचं. जमलं तर खुशाल जा. ठमीने मान डोलावली आणि बाबांनी मध्ये तोंड घालायचं नाही, अशी आपलीही एक अट घालून ठेवली.

रविवारी मैत्रिणी दारात हजर झाल्या. एक उंचच उंच, तिला सगळे शिडी म्हणत. दुसरी चिंगी, जिला घरातून निघाल्या निघाल्याच भूक लागे. बॅगा तयार होत्या. सामानवाल्यांनी स्टोव्हला बुडबुड्यांचं प्लॅस्टिक गुंडाळलं होतं, त्यावर पुठ्ठा, त्यावर चिकटपट्टी. तांदळाचा डबा तसाच, पातेलं तसंच, काडेपेटीसुद्धा तशीच. शिडीने बॅग उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. आईने विचारलं, घरातलं काही मागे ठेवलंय का. सामानवाले म्हणाले, घट्ट बांधलेलं सामान हलत नाही, आणि हलत नाही ते फुटत नाही. बॅगा जड नाहीत हे दाखवायला त्यांनी तशीच एक आपल्याही पाठीवर घेतली आणि ते पोरींबरोबर निघाले.

निम्म्या चढावर ते खाली बसले. पोरी थांबल्या तेव्हा म्हणाले, बुटाची नाडी बांधतोय. त्यांच्या पायांत चपला होत्या. ठमीने ते पाहिलं आणि तिनेही मध्ये तोंड घातलं नाही.

वर पोचेपर्यंत चिंगीच्या पोटात कावळे ओरडायला लागले होते. बॅगा उघडल्या आणि तिघींचे चेहरे पडले. नखांनी चिकटपट्टी निघेना, दातांनी निघेना. ठमीने सुरी मागितली. सुरी आहे की, सामानवाले अभिमानाने म्हणाले, अगदी तळाशी. ठमीने सगळी बॅग उपसून ती काढली. धार लागू नये म्हणून तिलाच सगळ्यात जास्त पट्टी लावलेली होती. कामावर त्यांची सुरी कमरपट्ट्याला अडकवलेली असे. आज सुट्टी म्हणून पट्टा घरी खुंटीवर होता.

शेवटी शिडीने घराच्या किल्लीने पट्टी फाडली. ठमी पुठ्ठे बाजूला टाकत बापासमोर बसली.

"बाबा, ट्रक भरताना तुम्ही काय सांगता?"

"आधी लागतं ते शेवटी चढवायचं. म्हणजे ते वर राहतं."

"मग हे असं का भरलंत?"

सामानवाल्यांनी थाप मारायचा विचार केला, पण लेक डोळ्यांत बघत होती.

"जड झालं तर इथूनच माघार घ्याल, असं वाटलं," ते म्हणाले. "मला भीती वाटते गं. बाकी सगळं गुंडाळता येतं, तुला कसं गुंडाळू?"

 ठमीने तांदूळ धुतले. भात खाली करपला, वर कच्चा राहिला, आणि चिंगीने दोनदा मागून खाल्ला. पातेलं रिकामं झाल्यावर सामानवाले म्हणाले, जा.

निघायच्या दिवशी बॅग ठमीने स्वतः भरली, दार लावून. बस सुटल्यावर ते घरी आले. ट्रक भरून झाला की रिकाम्या घरातून स्वतः एक फेरी मारायची, काही राहिलंय का बघायला, ही त्यांची जुनी सवय. पाय आपोआप ठमीच्या खोलीत गेले. पलंगावर त्यांनी तालमीच्या बॅगेत कोंबलेलं जास्तीचं सगळं नीट रचून ठेवलेलं होतं: जादा टॉर्च, छत्री, शिट्ट्या, चिकटपट्टीचं रीळ. आपलं म्हणून पोरीने काहीच नेलं नाही, हे त्यांना फार लागलं.

दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाचा मोठा आरसा चढवताना त्यांनी ट्रकच्या केबिनमध्ये हात घातला. आरशांना ते नेहमी एक जुनं करडं ब्लँकेट गुंडाळत. ठमी लहान असताना सुट्टीत त्यांच्याबरोबर फिरायची, तेव्हा त्याच ब्लँकेटात केबिनमध्ये झोपायची. ते जागेवर नव्हतं. त्यांनी अख्खा ट्रक पालथा घातला, कुणी ढापलं म्हणून तोंडाचा पट्टा सोडला, आणि शेवटी बायकोला फोन केला.

"ठमी घेऊन गेली," बायको म्हणाली. "बॅगेत सगळ्यात वर ठेवलंय."

सामानवाल्यांनी फोन खिशात ठेवला. मग त्यांनी अंगातला स्वेटर काढला आणि आरशाला गुंडाळला.