असिनेल्लीच्या पायथ्याशी

लिस्बनहून बोलोन्याला शिकायला आले, तेव्हा मला गाव दाखवायचं हे घरमालक ओरेस्तेकाकांनी परस्पर ठरवून टाकलं. सत्तरीचा माणूस, पण पायाला भिंगरी. दर रविवारी एक चर्च, एक चौक आणि वर माझ्या बुटांवर टीका. मी वैतागून गेले होते. एकदा मात्र असिनेल्लीच्या उंच मनोऱ्यापाशी आलो आणि माझ्या हातात एकच तिकीट देऊन काका खालीच बसले.

"तू जा वर. मी थांबतो."

"का हो, गुडघे बोलायला लागले वाटतं?" आयती संधी मी कशाला सोडतेय!

"गुडघ्यांचं नाव काढू नकोस! इथल्या विद्यार्थ्यानं डिग्रीआधी वर चढायचं नसतं. चढला की डिग्री गेलीच. तू वर्षभराची पाहुणी, तुझी डिग्री लिस्बनची, तुला चालतं."

"पण तुम्ही कुठे विद्यार्थी आहात?"

"दोन पेपर राहिलेत," काका मनोऱ्याकडे बघत म्हणाले. "वडील गेले आणि मी दुकानात बसलो. आता दुकान मुलाकडे दिलंय. बघू, जूनमध्ये."

मी तिकीट खिशात घातलं आणि त्यांच्या शेजारी बसले.

"मग जूनमध्ये दोघं चढू."

"चढू. तोवर ते बूट तेवढे बदल."