चाळीस किलोची शिवण

माझी बायको कमरजहाँ शिरड शहापूरच्या बाजारात मेली. ज्या छपरीनं तिला मारलं, ती मीच शिवली होती.

टेंपोमागं ओढायची आमची दोनचाकी ट्रॉली होती. तिच्या टपाला जोडलेली ताडपत्रीची छपरी आठ फूट पुढं यायची, पुढच्या काठात आडवा पाइप असायचा आणि तो दोन लोखंडी पायांवर उभा राहायचा. खाली लेकरांच्या कपड्यांचं दुकान. ताडपत्र्या शिवणं हा माझा धंदा. बाकीच्यांच्या छपऱ्या दर उन्हाळ्यात फाटायच्या, म्हणून आमच्या छपरीला मी तिहेरी शिवण मारली आणि काठात ट्रकवरचा माल आवळतात तो पट्टा घातला.

वारा सुटला की दुकानातलं माणूस पुढच्या पाइपाला लोंबकळतं. सगळेच तसं करतात. त्या दिवशी मीच ओरडलो, "पाइप धर, सोडू नको." तिनं धरला. वारा खालून भरला. पाइप तिच्यासकट वर गेला, टपावरून पलीकडं आपटला आणि ट्रॉली तिच्यावर उलटली. ट्रॉली उचलली तेव्हा तिचा चेहरा ओळखू येत नव्हता. छपरीचा एक टाकासुद्धा उसवला नव्हता.

त्यानंतर तीन महिने मी दुसरं काम घेतलं नाही. पाइपाजवळची शिवण तेवढी कच्ची ठेवायची, असं ठरवलं. जोर आला की तिथं कापड सुटावं, झेंड्यासारखं वर उडावं, आणि पाइप जागेवरच राहावा. दवाखान्याच्या कागदावर कमरजहाँचं वजन अठ्ठेचाळीस किलो होतं. बाईमाणूस उचललं जायच्या आधी शिवण तुटली पाहिजे, म्हणून मी चाळीस धरले. लिंबाच्या फांदीला पाइप बांधून त्याला शिवलेल्या कापडाला वाळूची पोती लटकवली. सुती दोरा, चार बोटांत तीन टाके. पस्तीसला टिकायची, चाळीसला तुटायची. दहा वेळा तपासली.

ट्रॉली माझ्या मेव्हण्यानं, नासेरनं नेली होती. वाकलेले पाय सरळ करून तो तीच छपरी लावत होता. आता तिच्याखाली त्याची बायको गुलनाज बसायची. मी नवी छपरी घेऊन गेलो.

"दुल्हेभाई, लोक पक्कं शिवून देतात," नासेर म्हणाला. "तुमी कच्चं शिवून राहिले. गिऱ्हाइकाला काय सांगता, वारा आला की आमचा माल पळून जातो?"

"ती जुनी काढ, नासेर. जाळून टाक."

"माझ्या बहिणीची ट्रॉली हाय ती."

"म्हणूनच सांगून राहिलो."

"तुमी शिवली तव्हा न्हाई सांगितलं."

माझी नवी छपरी फक्त सोनाजीनं घेतली. तो पिकअपमधून कांद्याचं बी विकतो. मे महिन्यात कळमनुरीच्या बाजारात त्याच्या छपरीच्या खुंट्या मी ठोकत होतो. समोरच नासेरची ट्रॉली होती. दुपारी तीनच्या सुमाराला नांदेड रोडकडून धूळ उठली आणि पाहता पाहता बाजारावर आली.

पहिल्याच झोतात भाजीवाल्यांच्या छत्र्या गेल्या. एक पत्रा उडत आला आणि एका बैलाच्या मानेत घुसला. बैल दावं तोडून माणसांत शिरला. एक म्हातारा त्याच्या पायाखाली गेला, त्याचं रक्त धुळीत काळं झालेलं मी पाहिलं. तेवढ्यात सोनाजीच्या छपरीची शिवण टरकली. कापड वर उडून फडफडायला लागलं. पिकअप जागची हलली नाही.

मी समोर पाहिलं. गुलनाज पाइपाला लोंबकळत होती. तिच्या टाचा उचलल्या होत्या. ट्रॉलीचं अलीकडचं चाक जमिनीवर नव्हतं. नासेर मागून ट्रॉली धरून ओरडत होता, "धर! धरून ठेव!"

मी पळालो. सोड, सोड म्हणून चारदा ओरडलो. तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. तिची कंबर धरून खाली ओढलं, तर तिनं पकड आणखी घट्ट केली. चाकू जवळ नव्हता. खुंट्या ठोकायची हातोडी हातात होती.

मी तिच्या उजव्या हातावर मारली. हाड मोडल्याचं हाताला कळलं. तिनं किंकाळी फोडली, पण डावा हात सुटला नाही. मी त्याच्यावरही मारली, दोनदा. ती माझ्या अंगावर कोसळली. तिला खाली दाबून मी जमिनीला चिकटलो. छपरी आमच्या डोक्यावरून गेली आणि पलीकडं लोखंड आदळलं.

मी डोकं वर काढायच्या आत नासेरनं माझी मान धरली. ट्रॉली उलटताना त्यालाही लागलं होतं, कपाळ फुटलं होतं. त्यानं माझ्या तोंडावर बुक्क्या मारल्या. एक दात जिभेवर आला.

"बाईवर हात टाकला! माझ्या बायकोवर!"

"मागं बघ," मी म्हणालो.

त्यानं पाहिलं. ट्रॉली चाकं वर करून पडली होती. पुढचा पाइप तिच्याखाली होता, मधोमध वाकून जमिनीत घुसलेला. गुलनाज बाजूला बसून दोन्ही हात मांडीवर धरून रडत होती. बोटं भलतीकडं वळली होती. पण ती बसलेली होती. रडत होती.

नासेर माझ्याकडं वळून हळू आवाजात बोलला, "माझी बहीण लटकली होती तव्हा कुठं होती तुमची हातोडी?"

"हातातच होती," मी म्हणालो.

त्यानं पुन्हा मारायला सुरुवात केली. आता बुक्क्या छातीत बसत होत्या. मी हात वर केला नाही.

"पुरे करा आता," गुलनाज म्हणाली. "मला दवाखान्यात न्या. हात दुखून राहिले."

सोनाजीनं नासेरला माझ्यावरून ओढलं आणि पिकअप चालू केली. नासेरनं गुलनाजला पुढं बसवलं आणि तिच्या बाजूला चढला. मी मागं चढायला लागलो, तर तो खिडकीतून म्हणाला, "तुमी न्हाई यायचं."

मी उतरलो. पिकअप रस्त्याला लागेपर्यंत उभा राहिलो. मग हातोडी शोधून घेतली आणि उलट्या ट्रॉलीजवळ गेलो. जुनी छपरी टपाच्या लोखंडाला अजून तशीच चिकटलेली होती. मी एकेक बोल्ट ठोकून तोडायला लागलो.