पेटीची फट

धाकट्याने सूचनापेटीचं कुलूप काढलं आणि ती उलटी धरून तळावर चापट मारली. दोन चिठ्ठ्या मांडीवर पडल्या. तिसरी कोपऱ्यात अडकली होती, ती त्याने कंगव्याच्या टोकाने उकरून काढली.

"लॉटरी लागली का रे?" खुर्चीतला म्हातारा सुतार चेहऱ्यावरच्या गरम टॉवेलखालून म्हणाला.

"लॉटरी कसली काका. शिव्या आहेत, फक्त सभ्य भाषेत."

शिव्या नव्हत्या. एकीत लिहिलं होतं, 'पूर्वी वस्तरा लावायच्या आधी क्षणभर कपाळावर हात ठेवायचे.' बस, एवढंच. सही नाही, तक्रार नाही. धाकट्याने चिठ्ठी दोनदा वाचली आणि खिशात टाकली.

दाढीचं हे दुकान दोघा भावांचं होतं, पण गिऱ्हाईक एकाचं. थोरल्या दादाने दुकान सोडल्यावर ते कळलं. चार महिन्यांत बाक रिकामा झाला. कोपऱ्यावरच्या काचेच्या दाराच्या सलूनमध्ये आपली जुनी डोकी बसलेली धाकट्याला येता-जाता दिसायची आणि ती डोकी त्याला ओळख दाखवायची नाहीत. मग आठ महिन्यांपूर्वी दादा गेला. तेरा दिवसांनी दुकान उघडलं, तेव्हा शोभेला टांगलेली ही पेटी धाकट्याने पहिल्यांदा मन लावून वाचायला घेतली.

'पूर्वी पाणी कोमट असायचं.' त्याने किटली आणली. 'पूर्वी इथे एवढा गोंगाट नसे.' त्याने टीव्ही उतरवला. 'पूर्वीच्या लाकडी खुर्चीत पाठ दुखत नसे.' हप्त्यावर आणलेली फिरती खुर्ची त्याने ढकलत मागे नेली आणि माळ्यावरची जुनी खाली काढली. तिचा डुगडुगणारा पाय सुतारानेच बसवून दिला.

गिऱ्हाईक परतलं. आता सकाळी बाकावर जागा मिळत नाही. ग्राहकाचं ऐका, धंदा वाढतो, असं लोक सांगतात ते खोटं नाही. फक्त ऐकताना कुणाचा आवाज येतो, ते कुणी सांगत नाही. एकाही चिठ्ठीत दादाचा उल्लेख नव्हता. सगळे नुसतं 'पूर्वी' लिहीत. दर आठवड्याला पेटी उघडली की दादा दुकानात थोडा थोडा परत येई, कधी पाण्यातून, कधी खुर्चीतून. परवा बायको म्हणाली, "पायरी चढताना खाकरता हल्ली. अगदी दादांसारखे." त्याने तिच्यासमोर ताट आपटलं.

कारण पेटीतली पहिली चिठ्ठी त्याने स्वतः लिहिली होती. डाव्या हाताने. 'मोठ्या भावाचा हात थरथरतो. भीती वाटते.' एका दाढीला अर्धा तास लावणारा, नव्या खुर्च्या नको म्हणणारा, दर वाढवू न देणारा माणूस दुसऱ्या कशाने हलला नसता. दादाने ती चिठ्ठी वाचली, घडी घातली, अ‍ॅप्रन खुंटीला अडकवला आणि घरी गेला. ती कुणी लिहिली हे दादाला कळलं नाही, एवढ्या एका आधारावर धाकटा जेवत होता, झोपत होता.

त्याने टॉवेल काढला. ब्रशने फेस चढवला. वस्तऱ्यात नवं पातं घातलं.

"ही पेटी मीच केली ना रे?" सुताराने विचारलं.

"तुम्हीच. बोलू नका आता, लागेल."

"सोमवारी दिली. मंगळवारी दादाने दुकान सोडलं. बुधवारी मी परत आलो होतो, आठवतं?"

"नाही."

"तू कुणाशी तरी खुर्च्यांचा भाव करत होतास. पेटीचं पॉलिश फटीत ओघळून वाळलं होतं. फट पार बुजलेली. पटाशीने मी ती मोकळी केली." सुताराने डोळे मिटले. "तोवर तिच्यातून कागद काय, केसही गेला नसता."

वस्तरा कानाखाली थांबला. बाकावर कुणीतरी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

"पेटीला कुलूप आहे. किल्ली मी सोमवारीच तुझ्या हातात दिली होती," सुतार हळूच म्हणाला.

धाकट्याने पातं पुसलं. ते स्वच्छच होतं.

"दादाला..."

"दादा महिनाभर घरोघर फिरत होता. तुम्हाला कधी लागलं का, म्हणून विचारत. हात जोडून. सगळे नाही म्हणाले. त्याला वाटायचं, लोक भिडेखातर नाही म्हणतायत. दर रविवारी आमच्याकडे यायचा, माझी दाढी करायचा. ओरखडा नाही कधी. शेवटी मलाच बघवेना. एका रविवारी फटीचं सांगून टाकलं."

"काय म्हणाला?"

"हसला. मला वाटलं, चला, सुटला बिचारा. तर म्हणतो कसा, मग खरंच थरथरत असणार. गिऱ्हाईक भीड धरतं. भाऊ कशाला खोटं लिहील?"

धाकटा आरशात बघत नव्हता.

"त्यानंतर वस्तरा उघडला," सुतार म्हणाला, "आणि हात थरथरला. माझ्यादेखत, पहिल्यांदा. त्याने वस्तरा मिटला, हत्यारांच्या डब्यात ठेवला. तो पुन्हा उघडलाच नाही."

एका गालावरचा फेस वाळून तडकायला लागला होता. धाकट्याने तो पुन्हा ओला केला. पातं गळ्याजवळ नेलं, मागे घेतलं.

"काका, आज राहू द्या. माझा हात..."

"मला कशाला सांगतोस? लिहून टाक पेटीत," सुतार म्हणाला. "आता फट मोकळी आहे."

आणि त्याने मान मागे टाकून गळा वर केला.

बाकावरची दोन माणसं बघत होती. धाकट्याने डावा तळवा सुताराच्या कपाळावर ठेवला. कपाळ कोमट होतं, स्थिर होतं. क्षण गेला, मग दुसरा. दादा इथे आपला हात त्या कपाळाइतकाच स्थिर व्हायची वाट बघायचा, ते त्याला आता कळलं. तो वाट बघत राहिला.