चार आत, चार बाहेर

"दाबा ना बाबा. तिघं पुढे गेले की झालं," लेक म्हणाली.

संगणकाच्या पडद्यावर लोखंडी दरवाजा अर्धवट उचललेला होता आणि त्याची साखळी ढालवाल्याने छातीशी धरून ठेवली होती. तिघे पलीकडे गेले की तो साखळी सोडणार, दरवाजा खाली येणार आणि मागून येणाऱ्या सांगाड्यांच्या फौजेत तो एकटा अडकणार. पुढे ड्रॅगन होता. ड्रॅगन मारला की खेळ जिंकला.

दाबकाकांनी माउसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. त्या हाताला तीनच बोटं उरली होती. तीस वर्षं त्यांनी बॉयलरचा दाब सांभाळला, म्हणून कारखान्यात त्यांना हे नाव पडलं होतं. अपघातानंतर डॉक्टर म्हणाले, बोटं हलती ठेवा. तेव्हा लेकीने हा खेळ आणून दिला.

"यात मेलेला परत उठतो?" पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं.

"उठतो. पण एक कडक प्रकारही आहे. मेला तो मेला. मागे जाऊन पुन्हा खेळता येत नाही. फारसं कुणी त्याच्या वाटेला जात नाही."

"तोच लाव."

चौघांची नावं त्यांनी कारखान्यातल्या आपल्या पाळीच्या माणसांवरून ठेवली. आग फेकणारा जादूगार म्हणजे वेल्डर. तिरंदाज म्हणजे हेल्पर. जखमा भरणारा वैद्य ते स्वतः. आणि ढालवाला म्हणजे फिटर, कारण खरा फिटरही तसाच दाराएवढा रुंद होता.

पलीकडच्या खोलीत शिवणयंत्र थांबलं. बायको दोरा ओवता ओवता स्वतःशीच गुणगुणत होती:

*उंबऱ्या रे उंबऱ्या, मोज पाऊल पाऊल,
गेला त्याच्या परतीची, मला आधी दे चाहूल.*

"बाबा, एक तरी सोडावाच लागतो. खेळ रचलाच तसा आहे."

"रचणारा कधी बॉयलरखोलीत गेला होता का?"

अपघाताच्या दिवशी बॉयलरच्या वाफेची झडप फुटली, तेव्हा फिटर पान्याने ती रेटून उभा राहिला होता. सुपरवायझर दारातून ओरडला, निघा, त्याचं तो बघेल. तिघे निघाले. दाबकाका मधूनच मागे फिरले, दोन बोटं घालवून बसले, पण फिटर जिवंत हाती लागला नाही.

"दुसरा रस्ता?"

"मागे. सात मजले वर, सांगाड्यांना चुकवत, किल्ल्याच्या दारापर्यंत. औषध संपलंय, आणि ड्रॅगन मारल्याशिवाय जिंकता येत नाही."

"जिंकायचं कुणाला आहे? फिटर, सोड रे ती साखळी. चल."

दरवाजा धाडकन खाली आला आणि चौघे मागे वळले.

ते चढले बॉयलरवाल्याच्या चालीने. प्रत्येक जिन्यावर थांबायचं, चौघांच्या आयुष्याच्या लाल रेघा दाबाच्या काट्यासारख्या निरखायच्या, कुणाची खाली आली की त्याला मधे घ्यायचं. लेक आधी चिडवत होती. "पळपुट्यांची वरात निघाली." चौथ्या मजल्यावर ती स्टूल ओढून शेजारी बसली. सहाव्यावर सांगाड्यांनी गाठलं आणि फिटरची रेघ दोऱ्याएवढी उरली.

"गेला, बाबा."

"गप."

त्यांनी वैद्याला, म्हणजे स्वतःला, पुढे काढलं. ढाल नाही, चिलखत नाही, नुसता अंगरखा. तीन बोटं आखडली तशी डाव्या हाताने मनगट धरून ती फिरवली. वैद्याने घाव झेलले, वेल्डरने आग ओतली, हेल्परचा शेवटचा बाण लागला. सांगाडे कोसळले. लेकीने कधी त्यांचा खांदा घट्ट धरला, तिचं तिलाच कळलं नव्हतं.

सातवा मजला. किल्ल्याचा दरवाजा. बाहेर ऊन.

चौघे लंगडत उन्हात आले आणि पडद्यावर काळी अक्षरं उमटली: मोहीम अपयशी.

"दोन महिने खेळून हरलात," लेक म्हणाली. तिचा आवाज मात्र चिडवण्याचा नव्हता.

"चार आत गेले, चार बाहेर आले. याला हरणं म्हणत असतील, तर म्हणू देत."

ते उठून दाराशी गेले. तिथे भिंतीवर चार खिळे होते. कारखान्यात आत जाताना प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला फळीवर लावायचा आणि बाहेर येताना काढायचा, अशी रीत होती. आत कोण आहे ते फळी सांगे. किल्ल्यात शिरण्याआधी त्यांनीही तसंच केलं होतं. तीन खिळ्यांवर बायकोच्या डब्यातली बटणं दोऱ्याने लटकवली होती. चौथ्यावर खरा बिल्ला होता, फिटरचा. तो अपघातापासूनच तिथे होता. कारखान्याने दोनदा पत्र पाठवून तो परत मागितला. दोन्ही वेळा दाबकाकांनी एकच उत्तर लिहिलं: माणूस द्या, बिल्ला न्या.

त्यांनी एकेक करून तिन्ही बटणं काढली आणि बायकोच्या हातावर ठेवली.

"अहो, आणि तो?" तिने हळूच विचारलं.

त्यांनी बिल्ला खिळ्यावरून काढला. सदऱ्याच्या टोकाने आकडा लख्ख दिसेपर्यंत पुसला. मग तीन बोटांनी, सावकाश, तो पुन्हा होता तिथेच लावला आणि सरळ केला.