बन्सीच्या पोटातलं पाणी

तिसगावच्या बाजारात बैलाच्या खुरांना पत्री, म्हणजे नाल, ठोकताना दोर सुटला आणि बैलाचा पाय बन्सीच्या पोटात बसला. वरून साधा ओरखडाही नव्हता. गडी उठला, कपडे झटकले आणि घरी जाऊन दीड भाकरी खाल्ली. तिसऱ्या दिवशी त्याला आमच्या नगरच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा पोट फळीसारखं कडक झालं होतं. ही एकाहत्तर सालची गोष्ट. मी पुरुषांच्या वॉर्डची सिस्टर होते आणि माझ्या जिभेला तरुण डॉक्टरसुद्धा वचकून असत.

मोठ्या डॉक्टरांनी पोट उघडलं. जठरामागे कण्यावर आडवं पडलेलं स्वादुपिंड फाटलं होतं. त्यांनी फाटका भाग काढला आणि दोन नळ्या ठेवल्या. एकीतून आतला रस बाहेर बाटलीत यायचा, दुसरीतून खालच्या आतड्यात दूध सोडायचं.

"तोंडाने काही द्यायचं नाही," त्यांनी बजावलं. "जिभेला चव लागली की रस सुटतो, आणि तो रस ह्या माणसालाच खातो."

खरंच खात होता. नळीच्या कडेने पाझरलेल्या रसाने आठ दिवसांत पोटाची कातडी सोलून निघाली. मधेच ताप चढला, आत पू झाला, पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं. असे रोगी मी हातातून जाताना पाहिले होते. बन्सी मात्र तग धरून होता. बाटली रोज थोडी कमी भरायची, आणि मी ती उजेडात धरून बघायची.

विसाव्या दिवशी ती एकदम दुप्पट भरली. मी त्याच्या आईकडे, गोजरबाईंकडे पाहिलं. पदराखाली तांब्या होता.

"काय दिलंत त्याला?"

"हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं. घोटभरच," त्या म्हणाल्या. "ईस दिस झालं, लेकराच्या तोंडात कायबी न्हाई. नळीनं सोडायचं, ते काय जेवन हाय व्हय?"

माझा पारा चढला. त्यांना वॉर्डाबाहेर काढणारच होते, पण काय मनात आलं कोण जाणे. उरलेलं माडगं मी वाटीत ओतलं. गार होऊन त्याची खळ झाली होती. बाटलीतला चमचाभर रस त्यात घातला आणि ढवळत बसले.

"बघा आता."

आम्ही दोघी वाटीवर वाकलो. जरा वेळाने चमचा हलका फिरू लागला. चूल नाही, जाळ नाही, आणि बघता बघता त्या घट्ट माडग्याचं पाणी झालं. पुस्तकात मी हे वाचलं होतं, पण डोळ्यांनी पहिल्यांदाच बघत होते. अंगावर काटा आला माझ्या.

गोजरबाईंनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला. "ह्ये माज्याबी पोटात हाय?"

"तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्याच."

"मंग आपन समदी आतून इरघळून कशी जात न्हाई?"

राउंडला मी तेच मोठ्या डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, "शिकवतो मी ते मुलांना. पण नवल काही संपत नाही."

त्या दिवसापासून गोजरबाई माझ्याहून कडक झाल्या. शेजारच्या खाटेवर कुणी डबा उघडला, की त्याला व्हरांड्यात पिटाळायच्या. "वास जातोय लेकराला!" सोललेल्या कातडीला मलम त्याच लावायच्या, फुंकर घालत. बाटली पुन्हा उतरायला लागली. सदतिसाव्या दिवशी ती कोरडी राहिली. आणखी दोन दिवस वाट बघून डॉक्टर म्हणाले, "द्या आता पेज."

मी वाटी पुढे केली, तशा गोजरबाई मागे सरकल्या.

"म्या न्हाई देनार. बाई, तुमीच द्या."

मी दिली. चार चमचे पेज गेली, आणि दिवसभर आम्ही दोघी त्या नळीकडे बघत राहिलो. थेंबसुद्धा आला नाही. ऑपरेशनपासून बन्सीने काही मागितलं नव्हतं, नुसता छताकडे बघत पडायचा. संध्याकाळी त्याने मान वळवली.

"आये, भूक लागली."

दोन ऑपरेशनांत जिच्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं, ती बाई खाटेच्या दांडीला धरून ओक्साबोक्शी रडायला लागली. सगळा वॉर्ड उठून बसला. एरवी मी दटावलं असतं; त्या दिवशी मी पेजेची वाटी पुन्हा भरून आणली.